आजी-आजोबांसकट कॅम्पिंग: अमेरिकेत पहिला ट्रेलर निवडताना

तंबूत कॅम्पिंग करणाऱ्या घरात ट्रेलरचा विषय बहुधा रात्रीच निघतो. आमच्याकडे तो लडिंग्टनला निघाला. मिशिगन सरोवराच्या काठचं ते स्टेट पार्क, जुलैतला शनिवार, रात्री अडीचला धो धो पाऊस. सासरे पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले होते. वय ७३, गुडघे दुखरे. त्यांना बाथरूमला जायचं होतं आणि बाथरूमची इमारत आमच्या जागेपासून चांगली दीडशे पावलांवर. तंबूची चेन उघडून ते वाकून बाहेर पडले, नवऱ्याने छत्री धरली, मी टॉर्च. परत आल्यावर ते एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी तुम्ही मुलांना घेऊन या, मी आणि आई घरी थांबतो." ते मला फार लागलं. दोन आठवड्यांत आम्ही ट्रेलर बघायला लागलो.

त्याला आता सहा वर्षं झाली. आमचे दोन ट्रेलर झाले, ओळखीतल्या काही घरांसाठीही बघायला गेले. हा लेख अशाच घरांसाठी आहे: शाळेत जाणारी एक-दोन मुलं, उन्हाळ्यात भारतातून येणारे आईवडील, दारात एखादी मिनीव्हॅन नाहीतर तीन रांगांची एसयूव्ही, आणि ट्रेलर ओढायचा अनुभव काहीच नाही. क्रम मुद्दाम असा ठेवलाय की ट्रेलर बघायला जाणं बरंच नंतर येतं. बहुतेक जण आधी डीलरकडे जातात, आतला सोफा आणि शेकोटीची स्क्रीन बघून हरखतात, आणि आपली गाडी तो ओढू शकते का हे नंतर तपासतात. तिथेच पैसे अडकतात.

सुरुवात गाडीच्या दारापासून

ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर टायरच्या हवेचं एक स्टिकर असतं, पांढरं-पिवळं. त्यावर एक ओळ असते: माणसं आणि सामान मिळून वजन अमुक पौंडांच्या वर जाता कामा नये. हा आकडा म्हणजे पेलोड. फोटो काढून ठेवा. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचे आकडे वेगळे असू शकतात, कारण सनरूफ, मोठी चाकं, फोर-व्हील ड्राइव्ह हे सगळं त्यातून वजा झालेलं असतं. म्हणून इंटरनेटवरचा आकडा न घेता तुमच्याच दारावरचा घ्यायचा.

जाहिरातीतला आकडा वेगळा. पेट्रोलवरची टोयोटा हायलँडर ५,००० पौंड ओढते, तिची हायब्रिड ३,५००. होंडा ओडिसी आणि नवी सिएना ३,५००. हे आकडे खरेच आहेत, पण ते मोजताना गाडीत दीडशे पौंडांची फक्त दोन माणसं धरतात. आपण सहा जण असतो.

आता हिशोब करू. ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या चाकांवर नसतं. १० ते १५ टक्के भार पुढच्या दांड्यातून गाडीच्या मागच्या भागावर येतो. याला टंग वेट म्हणतात, आणि तो तुमच्या पेलोडमधून जातो. समजा दारावर १,४०० पौंड लिहिलंय. आम्ही दोघं ३१०, दोन मुलं १३५, सासू-सासरे २८५. झाले ७३०. कूलर, खुर्च्या, बॅगा, किराणा मिळून १५०. हिचचं, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडायच्या सांध्याचं, सामान ७०. एकूण ९५०. उरले ४५०. टंग वेट १३ टक्के धरलं तर ४५० पौंडांत बसणारा ट्रेलर भरलेल्या वजनाने साधारण ३,४५० पौंडांचा. जाहिरातीत ५,००० ओढणारी गाडी आजी-आजोबांसकट साडेतीन हजारांच्या आतच राहायला हवी.

टंग वेट कमी करून भागवू असं कोणी सुचवेल. अजिबात करू नका. दहा टक्क्यांच्या खाली गेलं की हायवेवर ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागतो, आणि एकदा तो जोरात हलायला लागला की सावरणं कठीण. जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या मागे रचलं तरी हेच होतं.

ट्रेलरवरही एक स्टिकर असतं. तिथे बघायचा आकडा म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, पूर्ण भरल्यावरचं कमाल वजन. विक्रेता कोरडं वजन सांगतो. त्यात पाणी, गादीवरची पांघरुणं, भांडी, बरेचदा बॅटरी आणि गॅसही धरलेला नसतो. एक गॅलन पाणी ८.३ पौंडांचं, ३० गॅलनची टाकी भरली की २५० पौंड तिथेच गेले. आमचा ट्रेलर पहिल्यांदा ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर घातला तेव्हा कागदावरच्या कोरड्या वजनापेक्षा ६०० पौंड जास्त भरला, आणि आम्ही काही फार सामान नेणारी माणसं नाही. म्हणून जीव्हीडब्ल्यूआर धरूनच निवडा.

आता झोप आणि बाथरूम

कागद घ्या आणि घरातलं प्रत्येक माणूस रात्री कुठे झोपेल ते लिहा. ट्रेलरच्या जाहिरातीत "आठ जण झोपतात" असं असतं. त्या आठांत जेवणाचं टेबल खाली पाडून होणारा पलंग आणि सोफा दोन्ही धरलेले असतात. टेबलाचा पलंग रोज रात्री मांडायचा आणि सकाळी चहाच्या आधी मोडायचा. दोन दिवस ठीक, आठवडाभर कंटाळा येतो. बंक म्हणजे एकावर एक असलेले अरुंद पलंग. वरच्या बंकवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती वाचा. मोठ्या पलंगाला क्वीन म्हणतात, पण ट्रेलरमधला क्वीन बरेचदा लांबीला ७४-७५ इंचच असतो, घरच्यापेक्षा अर्धा फूट आखूड.

माझं सांगणं असं की सगळ्यांनी ट्रेलरमध्येच झोपायला पाहिजे असं मुळीच नाही. हा विचार सुचला आणि आमचा सगळा हिशोब जमला. ट्रेलर लहान घेतला, त्यात मोठ्या पलंगावर आजी-आजोबा, बंकवर मुलं, आणि आम्ही दोघं शेजारी आमच्या जुन्या तंबूत. ज्यांना रात्री उठावं लागतं, ज्यांना जमिनीवरून उठता येत नाही, ज्यांना थंडी बाधते, त्यांच्यासाठी ट्रेलर. बाकीच्यांना तंबू आवडतोच. एका जागेवर ट्रेलरसोबत एक तंबू बऱ्याच कॅम्पग्राउंडवर चालतो. बुक करताना त्या जागेचा नियम बघून घ्या. यामुळे आम्हाला २७ फुटांऐवजी १९ फुटांचा ट्रेलर पुरला आणि नवी गाडी घ्यावी लागली नाही.

बाथरूमबद्दल लाजून चालत नाही. आजोबांना कमोडवर बसून उठताना हाताला धरायला काही आहे का, दार लावल्यावर गुडघे आपटतात का, पलंगापासून तिथपर्यंत किती पावलं, मध्ये पायरी आहे का, हे सगळं प्रत्यक्ष बसून बघायचं.

प्रकार, माझ्या मतासकट

पॉप-अप म्हणजे पत्र्याच्या खोक्यातून वर उघडणारा कापडी तंबू, चाकांवरचा. हलका, गॅरेजमध्ये मावणारा, मिनीव्हॅनला झेपणारा. मुलं लहान असतील आणि वडीलधारी येत नसतील तर पहिला ट्रेलर म्हणून छान. पण तो मांडायला अर्धा-पाऊण तास लागतो, पावसातसुद्धा. ओला मिटला तर घरी आल्यावर अंगणात पुन्हा उघडून पूर्ण वाळवावा लागतो. नाहीतर आठवड्यात बुरशी धरते आणि तो वास जात नाही. पलंग दोन्ही टोकांना उंच असतात, आजींना चढणं अवघड. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना आधी माहीत असते: अस्वलांच्या प्रदेशात काही ठिकाणी कापडी भिंतींना मनाई आहे. यलोस्टोनमधल्या फिशिंग ब्रिज आरव्ही (म्हणजे ट्रेलर, मोटरहोम वगैरे) पार्कमध्ये पक्क्या भिंतींचीच वाहनं घेतात, तंबू आणि पॉप-अप चालत नाहीत. यलोस्टोन, ग्लेशियर अशा नॅशनल पार्कांकडे जायचं स्वप्न असेल तर हे आत्ताच लक्षात घ्या.

टीअरड्रॉप, म्हणजे थेंबाच्या आकाराचा छोटा ट्रेलर, दिसायला गोड असतो, पण दोघांचाच.

फायबरग्लासचे छोटे ट्रेलर, मिनेसोटातल्या स्कॅम्पसारखे, मला मनापासून आवडतात. अंड्यासारखं दोन अर्ध्या कवचांचं बांधकाम, त्यामुळे सांधे कमी, गळती कमी. १३ आणि १६ फुटांचे मिळतात. वजन कमी आणि जुने विकताना भावही टिकून असतो. आतली जागा मात्र बेताची, आणि लहान मॉडेलांत बाथरूम असेलच असं नाही.

बंकहाउस ट्रॅव्हल ट्रेलर हा मुलाबाळांच्या घराचा नेहमीचा मार्ग. एका टोकाला मोठा पलंग, दुसऱ्या टोकाला दोन बंक, मध्ये ओटा, फ्रिज, टेबल, आणि कोपऱ्यात बाथरूम. १८ ते २२ फुटांचे हलके मॉडेल शोधायचे. नावातल्या आकड्यावर विसंबू नका. '१९' म्हटलेला ट्रेलर दांड्यापासून मागच्या बंपरपर्यंत मोजला की २२-२३ फूट भरू शकतो, आणि कॅम्पग्राउंडवाले तीच लांबी विचारतात.

फिफ्थ व्हील, म्हणजे ट्रकच्या हौद्यात जोडला जाणारा मोठा ट्रेलर, त्याला मोठा पिकअप ट्रक लागतो. तो दारात नसेल तर या प्रकाराचा विचारच नको.

मोटरहोमचा, म्हणजे गाडी आणि घर एकातच असलेल्या वाहनाचा, विचार आईवडिलांमुळे बऱ्याच घरांत होतो. वाटेत बाथरूम हाताशी असतं हे खरंच मोठं सुख आहे. उलट ट्रेलर रस्त्यावर चालू असताना त्यात कोणालाही बसवायचं नाही. बहुतेक राज्यांत कायद्याने मनाई आहे आणि धोक्याचं तर आहेच. पण मोटरहोम एकदा जागेवर लावला की दूध आणायला जायचं तरी सगळं आवरून तोच न्यावा लागतो. ग्लेशियरमध्ये गोइंग-टू-द-सन रोडच्या डोंगरी टप्प्यावर २१ फुटांहून लांब वाहनांना बंदी आहे. ट्रेलरवाले ट्रेलर कॅम्पग्राउंडवर ठेवतात आणि गाडीने वर जातात. मोटरहोमवाल्यांना दुसरी सोय बघावी लागते. वर्षातून एकदाच मोठी सहल करणार असाल तर मोटरहोम विकत घेण्यापेक्षा भाड्याने घ्या. मुलांच्या कार सीटसाठी पुढे तोंड असलेली, पट्टा असलेली सीट आहे का हे आधी विचारा. मोटरहोममध्ये ज्या सीट आडव्या लावलेल्या असतात त्यांवर कार सीट लावायची नसते.

विकत घ्यायच्या आधी एक शनिवार-रविवार

आउटडोअर्सी किंवा आरव्हीशेअरवर लोक आपापले ट्रेलर भाड्याने देतात. त्यातले बरेच मालक ट्रेलर कॅम्पग्राउंडवर आणून लावून देतात आणि रविवारी घेऊन जातात. नवख्या माणसासाठी यापेक्षा चांगली शाळा नाही: ओढायची काळजी नाही, फक्त राहून बघायचं. घराजवळचंच पार्क घ्या. विजेची जोडणी असलेली जागा घ्या. मिशिगनच्या स्टेट पार्कांत तिला 'मॉडर्न' म्हणतात, नुसतीच जमीन आणि खड्ड्याचा संडास असलेली ती 'रस्टिक'. आईवडील इथे असतानाच हे करा, कारण त्यांचा कौल सगळ्यात मोलाचा.

आम्ही भाड्याने घेतला तेव्हा दोन गोष्टी कळल्या ज्या कुठल्याही जाहिरातीत नव्हत्या. सासूबाईंना दारातली पहिली पायरी फार उंच पडत होती, तर आम्ही एक वेगळं रुंद स्टूल घेतलं, हाताला दांडा असलेलं. आणि रात्री एसी सुरू झाला की त्याचा आवाज बंकच्या थेट वर. धाकटी दर वेळी दचकून उठायची. म्हणून पुढे निवडताना एसी कुठे बसवलाय हे बघत गेलो.

डीलरच्या लॉटवर गेल्यावर

सगळ्यांना घेऊन जा. विक्रेत्याला सांगा की अर्धा तास आम्हाला आत एकटं सोडा. मग खरोखर राहून बघा. प्रत्येकाने आपल्या पलंगावर आडवं व्हायचं. पावसाची सकाळ आहे असं समजून चौघांनी टेबलाशी बसायचं, एकाने ओट्याशी उभं राहायचं, आणि आजोबांनी पलंगावरून उठून बाथरूमला जायचं. अडथळा कुठे होतो ते लगेच दिसतं.

स्लाईड, म्हणजे भिंतीचा बाहेर सरकणारा भाग, असेल तर तो आत घ्यायला लावा आणि मग बाथरूमपर्यंत आणि फ्रिजपर्यंत जाता येतं का बघा. हायवेवर विश्रांतीच्या जागी स्लाईड उघडता येत नाही. तिथे आजींना बाथरूम लागलं आणि दार स्लाईडमागे अडकलेलं असेल तर ट्रेलर असून उपयोग नाही. मी स्वतः पहिल्या ट्रेलरसाठी स्लाईड नसलेलाच सुचवते: वजन कमी, आणि पाणी शिरायची एक मोठी फट कमी.

फ्रिज कशावर चालतो ते विचारा. जुन्या पद्धतीचा फ्रिज गॅस आणि वीज दोन्हींवर चालतो, पण ट्रेलर समतल उभा असावा लागतो आणि गार व्हायला पूर्ण रात्र घेतो. नव्या ट्रेलरांत १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर असतो. तो पटकन गार होतो, मात्र वीज नसलेल्या जागी बॅटरी संपवतो. बहुतेक लहान ट्रेलरांची जोडणी ३० अँपिअरची असते. त्यावर एसी आणि मायक्रोवेव्ह एकाच वेळी लावले की ट्रिप होणार, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या आसपास बनतात. डेट्रॉईटकडून आम्हाला ते तीन तासांच्या आत आहे. तिथे आरव्हीचं म्युझियमही आहे, जुन्या काळचे ट्रेलर मांडलेले. त्या भागात गेलात तर मुलांना जरूर दाखवा.

जुना घेताना: पाणी शोधा

नवा ट्रेलर डीलरच्या दारातून बाहेर पडताच बरीच किंमत गमावतो, आणि त्यावर १०-१५ वर्षांचं कर्ज काढलं तर बरीच वर्षं देणं जास्त आणि ट्रेलरची किंमत कमी अशी अवस्था राहते. म्हणून तीन ते सहा वर्षं वापरलेला घ्यावा असं माझं ठाम मत आहे. पण जुन्यात एकच मोठा शत्रू आहे, पाणी.

आमचा पहिला ट्रेलर एका घरगुती विक्रेत्याकडून घेतला. आत सगळं चकाचक, नवे पडदे, ताजा रंग. दुसऱ्या उन्हाळ्यात बंकखालच्या कपाटातली जमीन माझ्या टाचेखाली पावासारखी दबली. फळी उचलली तर खालचं लाकूड काळं पडून हातात भुगा येत होता. मागच्या कोपऱ्यातल्या छताच्या सांध्यातून वर्षानुवर्षं पाणी झिरपत होतं आणि रंग त्यावरच दिला होता. दुरुस्तीला लागलेले पैसे आठवले की अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून मी असं बघते. बूट काढून, जमिनीचा प्रत्येक कोपरा टाचेने दाबत जायचं: दाराशी, बाथरूमसमोर, खिडक्यांखाली, स्लाईडच्या कडेला. प्रत्येक कपाट उघडून आतला कोपरा हाताने चाचपायचा आणि नाक आत घालून वास घ्यायचा; कोंदट वास लपत नाही. एकाच भिंतीला नवा कागद किंवा रंग दिसला तर कारण विचारायचं. बाहेरून भिंतीच्या कडेला डोळा लावून उन्हात बघायचं, फुगवटा असेल तर आतला थर सुटलेला आहे. शिडी मागायची आणि छतावरचे सांधे बघायचे. सीलंट तडकलेलं, उचललेलं नको.

टायरच्या बाजूला डीओटीपुढचे शेवटचे चार अंक वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने मरतात. पाच-सहा वर्षांपुढचे असतील तर नव्यांचे पैसे किमतीतून वजा करा.

मालकाला आदल्या रात्रीच फ्रिज सुरू करून ठेवायला सांगा. गेल्यावर वीज, गॅस, पाणी सगळं जोडायला लावा: शेगडी, हीटर, गरम पाणी, एसी. पाण्याचा पंप सुरू करून सगळे नळ बंद करा आणि गप्प उभे राहा. पंप थांबला आणि थांबूनच राहिला तर ठीक. कोणी नळ उघडला नसताना तो मधूनमधून टकटक करून सुरू होत असेल तर कुठेतरी गळतंय. एवढं जमणार नाही असं वाटलं तर स्वतंत्र आरव्ही इन्स्पेक्टर मिळतात. पैसे खर्च करून बोलवा. नवा घेतलात तरी हीच तपासणी ताबा घ्यायच्या दिवशी करा, तीन-चार तास काढून, आणि सापडलेलं सगळं दुरुस्त झाल्याशिवाय सही करू नका.

जोडणी आणि चालवणं

गाडीला योग्य हिच, सात पिनांचा प्लग आणि ट्रेलरचे ब्रेक गाडीतून लावणारा ब्रेक कंट्रोलर हवा. अनेक राज्यांत ३,००० पौंडांपुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. मी तर त्याखालीही ब्रेक असलेलाच घेईन. हिचचा गोळा ट्रेलरच्या मापाचाच हवा, दोन इंची की सव्वादोनच्या वरचा, हे दांड्यावर कोरलेलं असतं. भार गाडीच्या पुढच्या-मागच्या दोन्ही अॅक्सलवर वाटणारा हिच मिळतो, पण काही एसयूव्हींना तो चालत नाही, गाडीचं मॅन्युअल वाचा. साखळ्या दांड्याखाली फुली मारून लावायच्या, म्हणजे दांडा सुटलाच तर त्या झोळीत पडतो.

ओढताना पेट्रोल जवळपास दुप्पट लागतं आणि वेग ताशी ६०-६५ मैलांच्या वर नको. कॅलिफोर्नियात ट्रेलरला ५५ चीच मर्यादा आहे. मिशिगनच्या मॅकिनॉ पुलावर वारा वाढला की उंच वाहनांना सोबत देऊन सावकाश नेतात. घाबरू नका, ते सांगतील तसं करा.

रिव्हर्ससाठी रविवारी सकाळी शाळेचा रिकामा पार्किंग लॉट गाठा. हात स्टिअरिंगच्या तळाला धरा. आता हात ज्या बाजूला न्याल त्याच बाजूला ट्रेलरचं मागचं टोक जातं. दोन तासांत जमतं. मागे उभ्या माणसाने आरशात दिसत राहायचं, आणि "इकडे, इकडे" न ओरडता हाताने बाजू दाखवायची.

रस्ता आधी बघून ठेवा. न्यूयॉर्कच्या पार्कवेंवर ट्रेलरला बंदी आहे, पूल ठेंगणे आहेत. बाल्टिमोरच्या हार्बर आणि फोर्ट मॅकहेन्री बोगद्यांतून दहा पौंडांहून मोठी प्रोपेनची टाकी नेता येत नाही, आणि ट्रेलरवरची नेहमीची टाकी २० पौंडांची असते. अशा टाक्या घेऊन जायचा तिथला फ्रान्सिस स्कॉट की पूल मार्च २०२४ मध्ये कोसळला, त्यामुळे आय-६९५ हायवेवरून शहराला पश्चिमेने वळसा घालावा लागतो. न्यू जर्सीहून दक्षिणेला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा.

स्वयंपाक, पाणी आणि बाकीचं

फोडणी बाहेरच करा. ट्रेलरमध्ये एकदा मोहरी तडतडली की धुराचा अलार्म वाजतो आणि हिंगाचा वास गाद्यांत महिनाभर राहतो. दोन बर्नरची गॅसची शेगडी पिकनिक टेबलावर, वाऱ्याला आडोसा करून. कुकर तिथे मस्त चालतो. आम्ही घरून भाजलेला रवा, थालीपीठाची भाजणी आणि मेतकूट नेतो. पहिल्या रात्री मऊ भात, मेतकूट, तूप, पापड. जेवण झालं की अन्नाचा कणही बाहेर ठेवायचा नाही, विशेषतः अस्वलांच्या भागात. गार रात्री आत ऊब यावी म्हणून शेगडी पेटवून ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. त्याचा अलार्म आहे ना, त्याची मुदत संपली नाही ना, हे जुना घेताना पहिल्याच दिवशी बघा.

जळण घरून नेऊ नका. अॅशची झाडं मारणारा पन्नाभुंगा २००२ मध्ये आमच्याच मिशिगनमध्ये सापडला आणि जळणाबरोबर लांबवर पसरला. पार्कजवळच लाकूड विकत घ्या.

वापरलेल्या पाण्याच्या दोन टाक्या असतात, बाथरूमची काळी आणि बेसिनची करडी. डम्प स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या ठिकाणी, आधी काळी सोडायची, मग करडी, म्हणजे तिच्या साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. काळ्या टाकीत पाणी भरपूर जाऊ द्या, आणि जागेवर सांडपाण्याची जोडणी असली तरी तिचा व्हॉल्व्ह टाकी भरेपर्यंत बंदच ठेवा. हातमोजे वेगळे ठेवा. पहिल्या वेळी किळस वाटते, तिसऱ्या वेळी पाच मिनिटांचं काम होतं.

खर्चात ट्रेलर ठेवायची जागा धरा. तुमच्या वसाहतीच्या असोसिएशनला दारात ट्रेलर चालतो का ते घ्यायच्या आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी चालत नाही आणि महिना भाड्याने जागा घ्यावी लागते. थंडीच्या राज्यांत ऑक्टोबरमध्ये नळांतलं सगळं पाणी काढून गुलाबी अँटिफ्रीझ भरावं लागतं, नाहीतर पाइप फुटतात. आणि जागा लवकर बुक करा: मिशिगनची स्टेट पार्क आणि केंद्र सरकारची बरीच कॅम्पग्राउंडं सहा महिने आधी उघडतात, आजी-आजोबांची तिकिटं निघाली की त्याच आठवड्यात बुक करून टाका.

पहिली सहल घरापासून तासाभरावर, दोन रात्रींची, पूर्ण जोडणीच्या (वीज, पाणी, सांडपाणी) जागेवर करा. निघताना एक कागद असू द्या, दर वेळी वाचायचा: पायरी आत, छताची झडप बंद, फ्रिजचं दार अडकवलेलं, गॅस बंद, वायर आणि पाण्याचा पाइप काढलेला, जॅक वर, साखळ्या लावलेल्या. शेवटी एकाने गाडीत बसून ब्रेक आणि दोन्ही इंडिकेटर लावायचे आणि दुसऱ्याने मागे उभं राहून बघायचं. आमच्याकडे हे काम सासऱ्यांचं. ते ट्रेलरमागे ताठ उभे राहतात, डावा, उजवा, ब्रेक असं मोठ्याने म्हणतात, आणि सगळे दिवे दिसले की हात वर करतात. तो हात आरशात दिसल्याशिवाय आम्ही गाडी हलवत नाही.